अनोळखी गोबीची ओळख

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. कोकणचा किनारा येथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे तीनशे किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे कोणी बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडून तीत समुद्राचे मासे पाळील, ही गोष्ट आमच्या वडिलांच्या पिढीला थट्टेची वाटली असती. त्या पिढीतल्या पुष्कळांनी समुद्राचे जिवंत मासे पाहिले ते मुंबईच्या सहलीत, 1951 साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेपलीकडे. परंतु हौसेला भूगोल आडवा येत नाही. समुद्रक्षारांचे तयार मिश्रण आता विकत मिळते, आणि मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत बसून रात्रीच्या गाडीने सकाळपर्यंत येऊन पोहोचतात. मासा येतो, पण त्याचे नाव त्याच्याबरोबर येतेच असे नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाकडे शंभर लिटरांची अशी टाकी आहे. तीत एक नवा मासा आला. पावतीवर ‘मिक्स गोबी’ एवढेच लिहिलेले. बोटाएवढा लांब, फिकट राखी रंगाचा, सदा तळाशी वावरणारा. वरून टाकलेल्या कोरड्या खाद्याकडे तो ढुंकूनही पाहीना, आणि दोन आठवड्यांत त्याचे पोट आत गेले. याच टाकीत त्याआधी एक मँडरीन नावाचा अतिशय देखणा मासा असाच वाळत वाळत मेला होता, त्यामुळे घरातल्या मुलांनी धसका घेतला होता. हा कोण आहे, आणि हा खातो तरी काय? हे दोन प्रश्न आमच्यापुढे आले तेव्हा ते वेगळे भासत होते. प्रत्यक्षात ते एकच होते. माशाचे नाव कळले म्हणजे त्याच्याविषयी इतरांनी जे पाहून ठेवले आहे ते सर्व आपल्या हाती येते. नाव चुकले की दुसऱ्याच माशाची पथ्ये आपण याला लावतो.

गोबी म्हटले की मराठवाड्यात भाजीवालीच्या टोपलीची आठवण होणार. त्या गोबीशी या नावाचा संबंध नाही. ग्रीक भाषेतला ‘कोबियोस’ आणि लॅटिनमधला ‘गोबियस’ हे एका लहान माशाचे नाव, त्यावरून हे आले. 1758 साली लिनीअसने प्राण्यांची पद्धतशीर नावे लावली त्यात युरोपच्या किनाऱ्यावरचा गोबियस नायजर आहे. आज गोबींच्या जाती दोन हजारांच्या आसपास मोजल्या जातात. इतकी दांडगी गोतावळ असलेली मत्स्यकुले फार थोडी. त्यातही बहुतेक मंडळी बोटापेक्षा लहान. फिलिपाइन्समधल्या पँडाका पिग्मिया नावाच्या गोबीची पूर्ण वाढ झाली तरी लांबी सेंटिमीटरभरच राहते. हरभऱ्याच्या डाळीचे दोन दाणे पुढेमागे ठेवावेत एवढी. इतक्या लहान आणि इतक्या पुष्कळ माशांत एकाला ओळखून काढणे म्हणजे पंढरीच्या वारीत चेहरा शोधण्यासारखे आहे.

तथापि गोबी आपल्याला अगदी परका नाही. गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते, सिंदफणा तिला जाऊन मिळते, दक्षिणेस मांजरा आहे. या खोऱ्यात तळाशी वाळूवर दबा धरून बसणारा, पिवळसर तपकिरी अंगावर गडद डाग असलेला एक मासा मिळतो. त्याला खरपा, खरबी अशी नावे आहेत; गावोगाव त्यांत फरकही होतो. शास्त्रीय नाव ग्लॉसोगोबियस जियुरिस. हे वर्णन 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या डॉक्टराने गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात दिले. हा मासा नदीत राहतो, खाडीतही राहतो. कोकणात जाणाऱ्यांनी खाडीच्या चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या पाहिल्या असतील. त्याही गोबींच्याच सोयऱ्या. निवटीची जी जात आपल्या किनाऱ्यावर खाल्ली जाते ती 1837 साली फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन याने मुंबईहून गेलेल्या नमुन्यांवरून वर्णिली आणि ते नमुने गोळा करणाऱ्या द्युसुमिए नावाच्या प्रवाशाचे नाव तिला दिले. तेव्हा खाऱ्या टाकीतल्या पाहुण्याची ओळख करून घ्यायची तर त्याचा नातलग आधी बाजारातून आणावा, असे आम्ही त्या कुटुंबाला सुचवले. जिवंत, घाबरलेल्या, पळणाऱ्या माशावर शिकण्यापेक्षा ताटलीत स्वस्थ पडलेल्या माशावर शिकणे केव्हाही चांगले.

माजलगावच्या किंवा मांजरा धरणाच्या बाजूने आलेला खरपा ताटलीत ओल्या फडक्यावर ठेवावा आणि दाभणाने किंवा टाचणीने त्याचे पर हळूच उलगडावेत. पाठीवर दोन पर दिसतात, एकामागे एक, मध्ये फट असलेले. पुढच्या परात सहा काटे असतात, पण ते बोटाला टोचत नाहीत, लवतात. मागच्या परात आरंभी एक काटा आणि त्यानंतर आठ-नऊ मऊ काड्या. काटा व काडी यांतला भेद भिंगाखाली चांगला कळतो: काटा सलग असतो, काडीला बांबूसारखी पेरे असतात आणि टोकाला ती बहुधा फाटते. आता मासा उताणा करावा. इतर माशांना पोटाकडे दोन सुटे पर असतात. खरप्याचे ते दोन्ही पर कडेने जुळून एक वाटी झालेली दिसते. गोबीची सर्वांत प्रसिद्ध खूण ती हीच. या वाटीच्या आधाराने पुष्कळ गोबी दगडाला धरून राहतात आणि लाटेत वा ओढीत वाहून जात नाहीत.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. रोहू-कटल्याच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. तिच्यातून पाण्याच्या हालचालीची जाणीव माशाला होते. खरप्याच्या अंगावर अशी रेघ नाही. गोबीची ही जाणीव डोक्यावरच्या सूक्ष्म छिद्रांत आणि पुटकुळ्यांत एकवटलेली असते. दुसरी गोष्ट जिभेची. खरप्याचे तोंड उघडून पाहिले तर जिभेचे टोक मध्ये खाचलेले आढळते. ‘ग्लॉसो’ म्हणजे जीभ. नावातच खूण सांगितलेली आहे. बाजूचे खवले एका ओळीत मोजले तर तीस ते पस्तीसच्या दरम्यान भरतात. त्या घरातल्या मोठ्या मुलीने ते दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा वेगळे आले. त्यात नवल नाही. सवय होईपर्यंत सर्वांचे असेच होते, म्हणून मोजणारे तीनदा मोजतात.

एवढी तयारी झाल्यावर टाकीकडे वळावे. पहिला प्रश्न असा की हा गोबी आहे तरी का? दुकानदारीत तळाशी बसणारा कोणताही लहान मासा गोबी या नावाखाली खपतो. ब्लेनी नावाचे मासे त्यात सर्रास येतात. त्यांची ओळख सोपी: पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत बहुधा एकच लांबलचक पर, कित्येकांच्या डोळ्यांवर झालरीसारखे तुरे, आणि पोटाचे पर दोन बारीक काड्यांसारखे, छातीच्या परांच्याही पुढे. दुसरा तोतया म्हणजे आधी सांगितलेला मँडरीन. त्याला ‘मँडरीन गोबी’ म्हणून विकतात, पण तो निराळ्याच कुलातला आहे. त्याच्या कल्ल्याचे तोंड म्हणजे डोक्याच्या वरच्या बाजूस एक बारीकसे छिद्र असते. हा दिवसभर खडकांवरून फिरत अगदी सूक्ष्म जिवंत कवचधारी जीव टिपतो. नव्या, स्वच्छ टाकीत ते जीव नसतात. डबाभर कोरडे खाद्य समोर असूनही तो उपाशी मरतो तो यामुळे. आधीच्या माशाचा मृत्यू हा रोग नव्हता, ती उपासमार होती. चुकीच्या नावाची किंमत माशाने दिली.

आता रंगाविषयी. सामान्य माणूस मासा रंगावरून ओळखतो, आणि गोबींत नेमका रंगच दगा देतो. क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस नावाचा गोबी हळदीसारखा पिवळा असतो, आणि त्याच जातीचे दुसरे मासे करड्या अंगावर तपकिरी पट्टे घेऊन येतात. दोन्ही शेजारी ठेवले तर कोणीही त्यांना दोन जाती समजेल. घाबरलेला मासा फिका पडतो, झोपलेल्याच्या अंगावर दिवसा नसलेले डाग उमटतात, पिल्लू आणि प्रौढ यांत फरक असतो. ट्रिम्मा वंशातल्या काही जातींत तर नराची मादी आणि मादीचा नर होतो. त्यात हौशी लोक टाकीवर निळा दिवा लावतात. त्या उजेडात पांढरे निळे आणि तांबडे काळे दिसते. अशा उजेडात काढलेले चित्र घेऊन नाव विचारणे म्हणजे सिनेमाच्या पडद्यावर पाहून सोयरिकीसाठी मुलीचा वर्ण ठरवण्यासारखे होय. हल्ली चित्र दाखवले की फोनही नाव सांगतो. ते ऐकावे, पण साक्षीदाराचे म्हणणे म्हणून ऐकावे, निकाल म्हणून नव्हे.

जुन्या ग्रंथकारांना ही अडचण उलट बाजूने होती. त्यांच्यापुढे मद्यार्कात बुडवलेले, रंग उडालेले मासे असत. फ्रान्सिस डे याचा भारतीय माशांवरचा मोठा ग्रंथ 1875 ते 1878 या काळात प्रसिद्ध झाला. डच शास्त्रज्ञ कूमान्स याने 1941 साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या स्मरणिकांतून भारतातल्या गोबींचा स्वतंत्र आढावा घेतला. या लोकांनी काटे, काड्या आणि खवले मोजण्यावर भर दिला, कारण मृत माशातही त्या गोष्टी टिकतात. आम्हाला तर वाटते, रंग उडाल्यामुळे त्यांचे लक्ष विचलित झाले नाही हा एक लाभच.

टाकीतला मासा मोजण्यासाठी त्याला मारण्याचे कारण नाही. जाळीने उपसू नये. परांचे काटे जाळीत अडकून फाटतात. टाकीतलेच पाणी भरलेली पारदर्शक बरणी तळाशी आडवी ठेवून माशाला हलकेच तीत वळवावे, बरणी वर घ्यावी, साध्या पांढऱ्या उजेडात दोन-चार मिनिटांत बाजूने आणि खालून चित्रे काढावीत, आणि मासा परत सोडावा. मासा बिथरतो तेव्हा पाठीचा पर ताठ उभा करतो. तोच क्षण मोजणीचा. आमच्या या पाहुण्याच्या चित्रांत पुढच्या परात सहा काटे आले, मागचा पर वेगळा होता, अंगावर बाजूची रेघ नव्हती. येथवर गोबी हे ठरले. मात्र खालून घेतलेल्या चित्राने सर्वांना बुचकळ्यात टाकले. पोटाचे दोन पर स्पष्टपणे सुटे होते, वाटी नव्हतीच.

ज्याने फक्त खरपा पाहिला तो येथे म्हणेल की हा गोबी नाही. परंतु वाटी ही गोबींची प्रसिद्ध खूण असली तरी ती सर्वांत असते असे नाही. प्रवाळांच्या आसपास राहणाऱ्या कित्येक गोबींत ती अर्धवट किंवा पूर्ण फुटलेली असते. तेव्हा वाटीचा अभाव ही उलट उपयोगाची गोष्ट ठरली. तिच्यामुळे पुष्कळ वंश एकदम बाद झाले. कोळंबीबरोबर राहणाऱ्या गोबींचाही विचार करून पाहिला. ते नवल सांगण्यासारखे आहे: टिचकी वाजवल्यासारखा आवाज करणारी एक कोळंबी असते, तिला फारसे दिसत नाही. ती बीळ खोदते, गोबी दाराशी पहारा करतो, आणि कोळंबी बाहेर येते तेव्हा आपली एक मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते. त्याने शेपटी फडफडवली की ती आत. ही भागीदारी शब्दावाचून चालते. पण आमचा मासा कोणत्याही दाराशी उभा राहत नव्हता. तो सारखा फिरे, तोंडभर वाळू उचले, आणि क्षणभराने ती कल्ल्यांतून भुरभुर सोडून देई.

ही वागणूक म्हणजे जवळजवळ सहीच. सुटे पोटपर आणि वाळू चाळण्याची सवय ही जोडी व्हॅलेन्सिएनिया या वंशाकडे बोट दाखवते. निवटीचे वर्णन करणाऱ्या त्याच व्हॅलेन्सिएनच्या नावावरून 1856 साली ब्लीकर याने हे वंशनाम योजले. हे मासे तोंडात वाळू घेऊन तिच्यातले बारीक किडे, कृमी व कवचधारी जीव गाळून घेतात आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतात. घरोघरी धान्य चाळणीतून काढतात त्यातलाच प्रकार, फरक इतकाच की येथे चाळणी घशात आहे. समुद्रात वाळू मैलोगणती पसरलेली असते. शंभर लिटरांच्या टाकीत ती चार दिवसांत चाळून संपते, आणि मासा रिकामी वाळू चाळत राहतो. त्याचे पोट का खपाटीला गेले हे त्या दिवशी कळले.

वंश म्हणजे आडनाव. जातीचे नाव अद्याप राहिले. माशाच्या गालावर बारीक निळसर ठिपके होते आणि पाठीच्या पुढच्या पराच्या टोकाला काळा डाग. ठिपक्यांवरून व्हॅलेन्सिएनिया सेक्सगुटाटा, अर्थात ‘सहा ठिपक्यांचा’, हे नाव सुचते. परंतु त्याचा भाऊबंद व्हॅलेन्सिएनिया म्युरॅलिस याच्याही पराला काळे टोक असते. त्याच्या अंगावर गुलाबी-तांबूस उभ्या लांबीच्या रेघा असतात एवढा फरक. उपाशी आणि घाबरलेल्या माशाच्या अंगावर रेघा नसणे हा पुरावा फार भक्कम नव्हे. 1994 साली होस आणि हेलन लार्सन या अभ्यासकांनी या एका वंशाची नव्याने तपासणी केली तेव्हा तीत सात नव्या जाती निघाल्या. त्याआधीचे पुस्तक उघडून बसलेल्या माणसाला त्या सातांपैकी एखादा मासा मिळाला असता तर त्याने तो कोणत्या तरी जुन्या नावात कोंबला असता. म्हणून आम्ही वहीत लिहिले: ‘व्हॅलेन्सिएनिया, बहुधा सेक्सगुटाटा’. मुलांना ‘बहुधा’ आवडला नाही. पण त्या शब्दामुळे पुढे पाहणाऱ्याला पुन्हा पाहण्यास जागा राहते.

जातीचा शेवटचा निर्णय किती सूक्ष्म गोष्टींवर होतो याचे उदाहरण जपानचे सम्राट अकिहितो यांच्या कामात मिळते. गोबी हा त्यांच्या आयुष्यभराचा अभ्यासविषय. 1960 साली युवराज असताना ते भारतात आले होते आणि दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरची पायाभरणी त्यांच्या हस्ते झाली, हे काहींना ठाऊक असेल. 1963 साली त्यांनी गोबींच्या खांद्याच्या हाडाविषयी निबंध प्रसिद्ध केला हे फारसे कोणाला ठाऊक नसते. रंग आणि आकार यांनी न सुटणारे गुंते हाडांच्या रचनेने आणि डोक्यावरच्या पुटकुळ्यांच्या ओळींनी सोडवता येतात, हे त्यांनी चिकाटीने दाखवले. त्यासाठी नमुना रंगवावा लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसावे लागते. होस आणि लार्सन यांनी 2010 साली एका गोबीला त्यांचे नाव दिले. 2019 साली सिंहासन सोडल्यावर दोन वर्षांनी, 2021 साली, त्यांनी सहकाऱ्यांसह कॅलोगोबियस वंशातल्या दोन नव्या जाती वर्णिल्या. राजवाड्यात सूक्ष्मदर्शक असलेल्या माणसाला जेथे वर्षे लागतात, तेथे बैठकीतल्या काचेबाहेरून आडनावापर्यंत पोहोचलो यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आणि माशाला जगवण्यास आडनाव पुरेसे झाले. तळाशी बारीक दाण्याची वाळू दोन-तीन बोटे जाड अंथरली, टोकदार खडी काढून टाकली. दिवसातून एकदा भरपूर टाकण्याऐवजी गोठवलेले बारीक झिंगे तीन-चार वेळा थोडे थोडे, लांब नळीने थेट वाळूवर सोडले. आरंभी त्याने ते वाळूसह उचलले. पुढे वाळूवाचूनही घेऊ लागला. महिन्याभरात पोटाची खोबण भरली. शंभर लिटरांची टाकी अशा माशाला खरे म्हणजे अपुरीच, आणि ज्याला वाळू चाळणारा गोबी ठेवायचा आहे त्याने मोठी, जुनी, जीवजंतूंनी भरलेली टाकी असल्याशिवाय तो विकत घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. विकत घेण्यापूर्वी नाव विचारावे. ‘मिक्स’ हे नाव नव्हे. खडकाबरोबर प्रवाळ मिळत असेल तर तो मुळीच घेऊ नये. 2001 पासून आपल्या वन्यजीव कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे.

पाण्याची गोष्ट बीडकरांसाठी वेगळी सांगावी लागते. समुद्राच्या एका लिटरात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे शंभर लिटरांना साडेतीन किलो. हे क्षार म्हणजे निव्वळ स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमचे क्षार ठराविक प्रमाणात लागतात. आपल्या विंधनविहिरींचे पाणी आधीच जड, त्यात हे मिश्रण घातले तर हिशेब चुकतो. म्हणून गाळणयंत्राचे निःक्षार पाणीच वापरावे. आणि उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडून जाते तेव्हा उडते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. काचेवर पातळीची एक खूण करून ठेवली की रोज किती घालायचे ते कळते. टाकीवर बारीक जाळीचे झाकणही हवे. वाळूवर राहणारा हा मासा तळाचाच असला तरी रात्री दचकला की सरळ वर उसळी घेतो, आणि सकाळी तो सोफ्याखाली सापडतो.